भीमपलासीला परवाना नव्हता

१९५३ साली ‘अनारकली’ पडद्यावर आला, तेव्हा त्यातलं ‘ये ज़िंदगी उसी की है’ हे गाणं ऐकण्याचे मार्ग मोजके होते. तिकीट काढून थिएटरात जायचं. घरी ग्रामोफोन असला तर ७८ फेऱ्यांची तबकडी विकत आणायची. नाहीतर संध्याकाळी रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर नेऊन खरखरीतून कोलंबो लागतंय का ते बघायचं. चित्रपट गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओचा, संगीतकार नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेला, गायिका मंगेशकरांची लता. सगळा मामला मुंबईचा. पण त्या सुमारास मुंबईसह देशभरच्या सरकारी रेडिओ केंद्रांवर चित्रपटगीतं जवळपास बंद होती. सरकार आणि चित्रपट निर्माते यांच्यातला प्रसारणाचा परवाना मोडला होता, आणि त्या मोडतोडीत त्या काळातलं बहुतेक सगळं लोकप्रिय संगीत अडकलं होतं.

हिंदी सिनेसंगीताच्या १९५२ ते १९५७ या पाच वर्षांबद्दल बोलताना आपण बहुधा थेट बिनाका गीतमालेपासून सुरुवात करतो. अमीन सायानींचा आवाज, बुधवारची संध्याकाळ, रिकामे रस्ते. त्या आठवणी खऱ्याच आहेत. पण गीतमालेला जागा कशी मिळाली, ती कोणी रिकामी केली आणि कशासाठी, हे पाहिलं की एका विरहगीताची कहाणी कायद्याच्या, पैशाच्या आणि अभिरुचीच्या भांडणाची कहाणी होते. शिवाय त्या भांडणाच्या तीन टोकांना तीन मराठी माणसं उभी होती: मंत्री, संगीतकार आणि गायिका.

मंत्र्यांपासून सुरुवात करू. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यावर राहिले. इतकी वर्षं सलग ते खातं सांभाळणारा मंत्री विरळाच. काशी विद्यापीठ आणि पॅरिस असं त्यांचं शिक्षण. गाण्याचा नाद नुसता ऐकण्याचा नव्हता, त्यांनी ध्रुपदाची तालीम घेतली होती. त्यांची खात्री अशी होती की परकीय राजवटीत हिंदुस्थानी संगीताचा आधार तुटला, संस्थानं गेल्यावर उरलासुरला आश्रयही गेला, तेव्हा आता स्वतंत्र देशाच्या सरकारनंच संगीताचा सांभाळ करायला हवा. सरकारच्या हाती त्यासाठी एकच मोठं साधन होतं, ते म्हणजे रेडिओ.

आज केसकरांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या कामाची दुसरी बाजूही तितकीच खरी. जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दर आठवड्याला देशभर एकाच वेळी एका मोठ्या कलावंताची मैफल ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी वाद्यवृंद उभा राहिला, त्याची धुरा रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांच्याकडे. १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन आलं. गावोगावच्या शेकडो गायक-वादकांना रेडिओनं महिन्याकाठी नियमित काम दिलं. एखाद्या तालुक्याच्या गावात बसलेल्या माणसाला घरबसल्या बडा ख्याल ऐकायला मिळणं ही तोवर अशक्य गोष्ट होती. कलावंतांच्या चाचण्या आणि श्रेण्या यांवरून तेव्हा रण माजलं, काही बुजुर्गांनी बहिष्कारही घातला. तरीही स्वातंत्र्यानंतर शास्त्रीय संगीत घराघरांत पोहोचलं त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं.

सिनेसंगीताबद्दल मात्र केसकरांचं मन साफ विटलेलं होतं. त्यांना त्यात पाश्चात्त्य वाद्यमेळाची उसनवारी दिसत होती, शब्द उथळ आणि उर्दूकडे झुकलेले वाटत होते, आणि तरुण पिढी त्यानं बिघडते आहे असं त्यांचं मत होतं. मंत्री झाल्यावर त्यांनी नियम आणला की एकूण कार्यक्रमांत सिनेसंगीत दहा टक्क्यांहून जास्त नको. जी गाणी लावायची तीही आधी तपासून घ्यायची. त्यातलाच तिसरा नियम वरवर किरकोळ दिसणारा होता: गाण्याआधी गायकाचं नाव सांगायचं, चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही. चित्रपटाचं नाव म्हणजे जाहिरात, आणि सरकारी रेडिओ जाहिराती करत नाही.

ठिणगी पडली ती या तिसऱ्या नियमानं. चित्रपटातल्या गाण्यांच्या प्रसारणाचे हक्क निर्मात्यांकडे होते. ते रेडिओला परवाना देत आणि त्याचा मोबदला घेत. पण त्या मोबदल्याहून मोठी कमाई होती ती नाव उच्चारलं जाण्याची. सिनेमा लागण्याआधी महिनाभर त्याची गाणी रेडिओवर वाजली आणि प्रत्येक वेळी निवेदकानं चित्रपटाचं नाव घेतलं, की थिएटरबाहेर रांगा लागत. नाव गेल्यावर निर्मात्यांच्या दृष्टीनं गाणी देण्यात हशील राहिलं नाही. फिल्म प्रोड्यूसर्स गिल्डनं प्रसारणाचे परवाने काढून घेतले.

मंत्र्यांना सिनेसंगीत दहा टक्क्यांवर आणायचं होतं. निर्मात्यांनी ते जवळपास शून्यावर नेलं. काही महिन्यांत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीतं दिसेनाशी झाली.

अशी भांडणं याआधी जगात झाली नव्हती असं नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९४१ पासून असंच घडलं होतं. तिथल्या संगीतकार-गीतकारांच्या ‘ॲस्कॅप’ या संस्थेनं परवान्याची फी दुपटीच्या घरात वाढवून मागितली, रेडिओ कंपन्यांनी नकार दिला, आणि अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर, गर्श्विन अशा मातब्बरांची गाणी सुमारे दहा महिने मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून गायब झाली. ती पोकळी भरायला कंपन्यांनी स्वतःची ‘बीएमआय’ ही संस्था आधीच उभी केली होती. लॅटिन अमेरिकेतली प्रेमगीतं आली. एकोणिसाव्या शतकातल्या स्टीफन फॉस्टरची, हक्काची मुदत संपलेली गाणी तर इतकी वाजली की लोक कंटाळले. तिथे भांडण होतं ते पैशाचं. आपल्याकडे पैशाच्या भांडणावर अभिरुचीचं भांडण चढलं होतं, म्हणून ते सुटायला दहा महिने पुरले नाहीत, पाच वर्षं लागली.

आणखी एक फरक होता. अमेरिकेतल्या बहुतेक श्रोत्यांना त्या महिन्यांत जे लागेल तेच ऐकावं लागलं. भारतातल्या श्रोत्याच्या हाताशी दोन परके रेडिओ होते.

त्यातला एक आपल्या अगदी शेजारचा. पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’ हे पोर्तुगीज सरकारचं केंद्र बोलत असे. पोर्तुगिजांनी श्रोते मिळवण्यासाठी हिंदी चित्रपटगीतांचा सढळ वापर केला. कोकणपट्टीत, सिंधुदुर्गापासून वर मुंबईपर्यंत, गाणी ऐकायला लोक गोवा लावत. गोवामुक्तीच्या चळवळीचे दिवस होते, आणि दिल्लीनं टाकून दिलेली गाणी पोर्तुगिजांचा रेडिओ ऐकवत होता, याची टोचणी तेव्हाच्या कितीतरी देशभक्त घरांना लागली असेल. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलानं बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर बाँबफेक केली आणि तो अध्याय संपला.

दुसरा रेडिओ सिलोनचा. महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडनं सैनिकांच्या करमणुकीसाठी कोलंबोजवळ एकाला इथे शंभर किलोवॅटचा मार्कोनी ट्रान्समीटर बसवला होता. युद्ध संपलं, सैन्य परतलं, यंत्र तिथेच राहिलं आणि सिलोन सरकारला मिळालं. एवढी ताकद त्या छोट्या बेटाला लागत नव्हती. १९५० च्या सुमारास त्यांनी व्यापारी सेवा काढली, ऑस्ट्रेलियाचे क्लिफर्ड डॉड तिचे संचालक झाले आणि हिंदी विभाग सुरू झाला. शॉर्टवेव्हवर तो आवाज कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत आणि पलीकडे पूर्व आफ्रिकेपर्यंत जाई. भारतातल्या साबण, टूथपेस्ट, चहा विकणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या देशाच्या रेडिओवर जाहिरात करता येत नव्हती. त्यांनी कोलंबोचा रस्ता धरला.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. सीबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या पैशावर गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी तेव्हा विशीचेही नव्हते. आठवड्याला पंचवीस रुपये मिळत आणि त्यात लिहिणं, बोलणं, पत्रं वाचणं सगळं आलं. अनुभवी माणसं इतक्या कमी पैशांत इतकं काम करायला तयार नव्हती म्हणून ते या पोराकडे आलं, असं ते स्वतः सांगत. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारातल्या तंत्रसंस्थेत, आणि ध्वनिफीत विमानानं कोलंबोला जाई. म्हणजे मुंबईत बनलेलं गाणं मुंबईच्या मुलानं मुंबईतच सादर करायचं, त्यासाठी फीत समुद्रापार धाडायची आणि मग आकाशातून परत मुंबईत ऐकायची. परवाना मोडल्यामुळे गाण्याला हा वळसा पडला होता.

पहिल्या कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत आकडा गेला. सुरुवातीला सात गाणी वाजवून त्यांचा क्रम ओळखायला सांगत आणि शंभर रुपयांचं बक्षीस ठेवलं होतं. पत्रांचा ढीग उपसता येईना, तेव्हा स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या पायऱ्या आल्या. सायानींची भाषा साधी, बोलती हिंदुस्थानी. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेनं ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत असत. मुलगा त्या घरात वाढला होता. ऑल इंडिया रेडिओच्या बातम्यांतली हिंदी दिवसेंदिवस संस्कृतकडे झुकत असताना कोलंबोहून येणारी ही बोली लोकांना आपली वाटली, यात नवल नाही.

‘अनारकली’ याच पहिल्या वर्षातला. १९५३ च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत सर्वांत वरचं गाणं ठरलं ‘ये ज़िंदगी उसी की है’. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, तो मान मिळाला ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या तलत महमूद यांच्या ‘जाएँ तो जाएँ कहाँ’ला. दोन्ही गाणी विरहाची. पंडितांच्या मते उथळ असलेला हा श्रोता सलग दोन वर्षं दुःखाच्या, संथ, स्वरांत बुडालेल्या गाण्यांना डोक्यावर घेत होता. याकडे दिल्लीतल्या कोणी नीट पाहिलं असतं तर धोरण कदाचित आधीच बदललं असतं.

या गाण्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या वादाचं उत्तर त्याच्या स्वरांत आहे.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शिकले. विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, गांधर्व महाविद्यालयाची परंपरा. केसकरांना रेडिओवरून देशभर न्यायची होती ती हीच परंपरा. तिथून हा मुलगा नट व्हायला सिनेमात आला, सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटीवर साथ करू लागला, आणि बघता बघता हिंदी सिनेमाचा सर्वांत खोडकर संगीतकार झाला. ‘शहनाई’ १९४७ चा, ‘पतंगा’ १९४९ चा, ‘अलबेला’ १९५१ चा. ‘अलबेला’त भगवानदादांच्या पायांना नाचवणारी ट्रम्पेट गोव्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांची, म्हणजे चिक चॉकलेट यांची. केसकर ज्या उसन्या पाश्चात्त्य तालाला नाकं मुरडत, त्याचा तेव्हाचा सर्वांत मोठा उस्ताद हाच चितळकर.

आणि दोन वर्षांनी ‘अनारकली’. आधी हा चित्रपट वसंत प्रकाश यांच्याकडे होता. त्यांचं गीता दत्तनं गायलेलं एक गाणं चित्रपटात राहिलंही. बाकीचं काम चितळकरांकडे आलं. इथे त्यांनी ट्रम्पेट बाजूला ठेवली आणि ‘ये ज़िंदगी’साठी भीमपलासी घेतला. दुपारच्या तिसऱ्या प्रहराचा राग, कोमल गंधार आणि कोमल निषाद, मध्यमावर विसावणारा. पुण्याच्या गायनशाळेत पोरवयात घोटून घेतलेल्या रागांतला एक. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द साधे, अनलंकृत. चित्रपटात हे गाणं दोन वेळा येतं. एकदा प्रेमाच्या भरात, आणि शेवटी अनारकलीभोवती भिंत रचली जात असताना. बीना रायच्या चेहऱ्यासमोर वीट चढत जाते आणि लताबाईंचा स्वर वर वर जातो. निरोपाचा शब्द त्या तारसप्तकात पुन्हा पुन्हा घेतात, प्रत्येक वेळी श्वास थोडा आखूड. त्यात दाखवण्यासाठी घेतलेली एकही तान नाही. भीमपलासी काय करू शकतो हे या साडेतीन-चार मिनिटांत जितक्या लाखो कानांना कळलं, तितकं दुसऱ्या कशानं कळलं असेल असं मला वाटत नाही.

केसकरांना हवं होतं ते हेच तर होतं. रागदारीचा संस्कार सर्वसामान्य माणसाच्या कानापर्यंत पोहोचावा, ही त्यांची तळमळ. ती पुरी करणारं गाणं तयार झालं तेव्हा त्यांच्या रेडिओचं दार त्या गाण्याच्या जातीसाठीच बंद होतं. दहा टक्क्यांच्या नियमाला ‘अलबेला’ आणि ‘अनारकली’ यांत भेद करता येत नव्हता. परवान्यालाही नव्हता. नियम गाणी ऐकत नाहीत, म्हणून ते लिहिणाऱ्यांना आधी गाणी ऐकावी लागतात. चितळकरांसारखा माणूस दोन्ही तीरांवर सहज वावरत होता हे दिल्लीच्या कचेरीत कोणाला दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लताबाईंच्या बाजूनं पाहिलं तर नियमाचं आणखी एक रूप दिसतं. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून पडद्यावरच्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलेलं होतं. हा आवाज कोणाचा, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे गेली, आणि मग खरं नाव बाहेर आलं. पार्श्वगायकाचं नाव सांगण्याची चाल अशी श्रोत्यांच्या रेट्यानं पडली. केसकरांच्या नियमात हे नाव शाबूत होतं, उडालं होतं फक्त चित्रपटाचं. गायकाच्या दृष्टीनं पाहिलं तर तो नियम काही वाईट नव्हता. पण परवाना गायकाच्या हातात नव्हता, संगीतकाराच्या नव्हता आणि गीतकाराच्याही नव्हता. तो निर्मात्यांकडे होता, आणि ज्यांचा गळा, ज्यांची चाल, ज्यांचे शब्द, त्यांना कोणी विचारलंच नाही. भांडण चालू ठेवायचं की मिटवायचं यात त्यांचं मत कुठे मोजलं गेलं नाही.

इकडे रेडिओच्या आत काय चाललं होतं? सिनेसंगीत गेलं, पण लोकांना गाणी हवीच होती. मग रेडिओनं स्वतःची गाणी करायला घेतली. सुगम संगीताचे विभाग निघाले. कवी, संगीतकार, गायक यांना बोलावून दर आठवड्याला नवी गाणी बसवायची. हिंदीत या प्रयोगाला फारसं यश आलं नाही असं म्हणतात, कारण समोर लता, रफी, तलत होते. मराठीत मात्र चित्र निराळं दिसतं, आणि मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत सुपीक भाग वाटतो.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. सीताकांत लाड तिथे कार्यक्रमांची बाजू पाहत होते. नव्या केंद्रासाठी काहीतरी मोठं हवं म्हणून त्यांनी ग. दि. माडगूळकरांना गळ घातली. १ एप्रिल १९५५, रामनवमी: गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोडा अधिक काळ, एकूण छप्पन्न. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघंही मूळचे सिनेमाचे. गायकांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि स्वतः लता मंगेशकर. सिनेमाच्या गाण्यांना दार बंद असताना सिनेमातली माणसं रेडिओच्या मागच्या दारानं आत आली आणि त्यांनी मराठीला अक्षय ठेवा दिला. पुढे मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’मधून भावगीताचा जो बहर आला, पाडगावकर, खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावं ज्या वाटेनं घरोघरी गेली, ती वाटही याच काळात तयार झाली. केसकरांचा रेडिओ नसता तर हे सगळं असंच घडलं असतं, असं म्हणवत नाही. एका हातानं ‘अनारकली’ रोखणाऱ्या धोरणानं दुसऱ्या हातानं गीतरामायणाला सवड करून दिली. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच या मंत्र्याचा हिशेब मांडावा लागतो.

हिंदीत मात्र हार कबूल करावी लागली. रेडिओच्या लायसन्सची फी पोस्टात भरून घरात संच आणणारी माणसं त्यावर कोलंबो ऐकत होती. जाहिरातींचा पैसा सिलोनला जात होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, सुरुवातीचं नाव ‘पंचरंगी कार्यक्रम’. तिची कल्पना आणि उभारणी पंडित नरेंद्र शर्मांची. पहिलं गाणं त्यांनीच लिहिलेलं, अनिल विश्वास यांनी बांधलेलं, मन्ना डे यांनी गायलेलं. म्हणजे सिनेमातलीच मंडळी, पण गाणं सिनेमाचं नव्हतं. त्यानंतर निर्मात्यांशी नव्यानं जमवलेल्या बोलीवर चित्रपटगीतं सरकारी रेडिओवर परत आली, चित्रपटांच्या नावांसकट. मंत्री तेच होते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांच्या विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. ज्या जाहिरातीच्या भीतीनं चित्रपटाचं नाव काढलं होतं ती जाहिरात शेवटी रीतसर दर ठरवून आत आली, आणि सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली.

‘अनारकली’च्या गाण्याचं या पाच वर्षांनी नुकसान केलं का? लोकप्रियतेच्या मापानं नाही. उलट परक्या रेडिओनं त्याला दर बुधवारची ठरलेली वेळ दिली, क्रमांक दिला, आणि ते ऐकण्यासाठी शेजारपाजारची माणसं एका संचाभोवती बसू लागली. इराण्याच्या हॉटेलात चहाचा कप थंड होईस्तोवर बसून ऐकणारे होते, पानाच्या ठेल्यापाशी उभे राहून ऐकणारे होते. नुकसान झालं ते वेगळ्या जागी. सरकारी रेडिओच्या संग्रहात, त्याच्या समीक्षेत, त्याच्या भाषणांत आणि वार्तालापांत सिनेसंगीताकडे कला म्हणून पाहण्याची सवय लागायला हवी होती, ती लागली नाही. चितळकरांशी, राजेंद्र कृष्णांशी त्या ऐन बहराच्या वर्षांत मराठी-हिंदी केंद्रांनी सविस्तर बोलून ठेवलं असतं, तर आज केवढा ऐवज हाती असता. चितळकरांना अखेर स्वतःचं आयुष्य स्वतःच लिहावं लागलं, १९७७ मध्ये, ‘माझ्या जीवनाची सरगम’. तोवर पंचवीस वर्षं उलटली होती.

मधल्या काळात देशानं त्यांना एकदा उभं राहून ऐकलं. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं स्टेडियम, समोर नेहरू, आणि चितळकरांच्या चालीवर लताबाई चीन युद्धातल्या जवानांसाठी गात होत्या. ते गाणं चित्रपटाचं नव्हतं, त्यामुळे रेडिओला त्याचं वावडं असण्याचं कारण नव्हतं. केसकर तेव्हा मंत्री राहिले नव्हते.

गाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र विविध भारतीनं सुटला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की निर्मात्यानं पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःची पुरवणी जोडली आणि गायकाला कायद्यात जागा नाही याची खंत नोंदवली. खासगी एफएम केंद्रं आली तेव्हा तोच वाद नव्या कपड्यांत उभा राहिला. किती पैसे, कोणाला, कशाच्या हिशेबानं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळानं दर ठरवला: एफएम केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाचे दोन टक्के. पुढे २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातला वाटा कायद्यात पक्का झाला. तो त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत दिलेला लढा अनेकांना आठवत असेल. १९५२ च्या टेबलावर ज्यांना खुर्ची नव्हती त्यांना ती मिळायला साठ वर्षं लागली.

आम्ही नवी मुंबईत राहतो तिथे १९५३ साली मिठागरं होती, भातशेती होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. सिडको १९७० ची, खाडीवरचा वाशीचा पूल त्यानंतरचा. गीतमाला ऐकलेली पिढी इथे नंतर आली, गिरगावातून, लालबागेतून, दादरच्या चाळींतून. तिच्यासाठी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि त्यांत चितळकरांचं नाव पुकारलं की टाळ्या पडतात. अशा प्रत्येक जाहीर कार्यक्रमाला गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न लागू आहेच. ‘अनारकली’च्या बाबतीत तो आज मोठा चमत्कारिक होऊन बसला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात साठ वर्षं टिकतो. १९५३ ची ती तबकडी २०१३ संपताच त्या बंधनातून सुटली, म्हणजे लताबाईंच्या आवाजातलं मूळ मुद्रण आता कोणा कंपनीच्या मालकीचं नाही. पण चाल आणि शब्द यांचा हक्क ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. चितळकर १९८२ च्या जानेवारीत गेले, राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये. चालीवरचा हक्क २०४२ च्या अखेरीपर्यंत आहे, शब्दांवरचा २०४७ पर्यंत. तोपर्यंत वाशीच्या रंगमंचावर एखादी मुलगी भीमपलासीतला तो निरोप गाईल तेव्हा त्याच्या मोबदल्यातला हिस्सा, कायद्यानं तरी, चितळकरांच्या आणि राजेंद्र कृष्णांच्या वारसांच्या नावे निघायला हवा.